आशिमाचा सुळका: शिलिनच्या पर्यटनात सानी लोकांच्या कथेचे काय झाले

चीनच्या युन्नान प्रांताची राजधानी कुनमिंग येथून आग्नेयेला सुमारे ८० किलोमीटरवर शिलिन यी स्वायत्त काउंटी आहे. चुनखडीच्या उभ्या सुळक्यांचे दगडी अरण्य म्हणून हा प्रदेश जगभर ओळखला जातो. या सुळक्यांपैकी सर्वाधिक छायाचित्रे ज्याची निघतात, तो छोट्या शिलिन भागातील एका तळ्याच्या काठी उभा आहे. डोक्यावर सानी (यी या अल्पसंख्य समाजाची इथली शाखा) पद्धतीचे शिरोभूषण, पाठीवर टोपली आणि मान किंचित वर केलेली अशी तरुणी त्या दगडात दिसते, असे मार्गदर्शक सांगतात. एकदा सांगितल्यावर ती खरोखरच दिसू लागते. हीच आशिमा. सानी लोकांच्या आख्यानगीताची ती नायिका असून गेल्या चार दशकांत शिलिनच्या पर्यटनाचा सारा डोलारा बऱ्याच अंशी तिच्या नावावर उभा राहिला आहे.

पुराणकथेच्या आधाराने पर्यटन वाढवता येते का, हा प्रश्न शिलिनपुरता निकालात निघालेला आहे. तिथे ते वाढले, आणि भरघोस वाढले. त्यामुळे या प्रकरणात तपासायचे ते वेगळेच आहे. कथेच्या अनेक रूपांपैकी कोणते रूप पर्यटकांपुढे आले, ते कोणी आणि कसे ठरवले, आणि ज्यांच्या घरात ही कथा गायली जात होती त्यांच्या पदरात काय पडले, हे पाहायचे आहे. सुळक्यापाशी जी आशिमा भेटते ती सानी परंपरेतून थेट आलेली नाही. ती १९५३ ते १९६४ या अकरा वर्षांत लेखनिक, कवी आणि चित्रपटकार यांच्या हातून घडली, आणि पर्यटनाने तिच्यावर शेवटचा हात फिरवला. हे समजून घेतल्याशिवाय शिलिनच्या यशाचे किंवा अपयशाचे मोजमाप करता येत नाही, असे माझे मत आहे.

लोक

यी हा चीनमधील मोठ्या अल्पसंख्य समाजांपैकी एक आहे. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या ९८ लाखांच्या घरात होती. सिचुआन, युन्नान, ग्वेइझोऊ आणि काही प्रमाणात ग्वांगशी या प्रांतांत ते राहतात. परंतु ‘यी’ हे सरकारी वर्गीकरण आहे. त्या एका नावाखाली अनेक शाखा येतात आणि दूरच्या दोन शाखांच्या माणसांना एकमेकांची बोली कळेलच असे नाही. म्हणूनच यी पुराणकथांचा एकच ग्रंथ किंवा एकच देवमंडळ नाही. सिचुआनमधील लियांगशानच्या डोंगरांत जादा सूर्य आणि जादा चंद्र बाणांनी पाडणारा झिगे आलू हा वीर आहे. युन्नानमधील चुशिओंगकडच्या ‘मेइगे’ या सृष्टिगीतात वाघाच्या शरीराच्या अवयवांपासून विश्व घडते. मिलेकडच्या आशी शाखेचे सृष्टिगीत वेगळे आहे. शिलिनचे सानी हे याच समाजाची एक शाखा असून आशिमा ही त्यांची कथा आहे, सर्व यींची नव्हे. पर्यटनाच्या माहितीपत्रकात मात्र हा फरक बहुधा गळून पडतो आणि ‘यी संस्कृती’ अशा एकाच शब्दात सगळे बसवले जाते.

यी समाजात कथांचे जतन करणारा वर्ग म्हणजे बिमो. विधी करणारा, पोथ्या वाचणारा आणि नव्याने लिहून काढणारा असा हा पुरोहित असतो. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे किंवा गुरूकडून शिष्याकडे जाते. आशिमाची कथा सानी बिमोंच्या पोथ्यांतही होती आणि सामान्य स्त्री-पुरुषांच्या तोंडीही होती. तिचे गाण्याचे मुख्य निमित्त होते लग्न. मुलगी सासरी जाताना होणारी ताटातूट, मागणी घालायला आलेल्या मध्यस्थाची लाघवी भाषा आणि आईबापांची घालमेल हे कथेचे भाग लग्नघरात गायले जात. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या जशा घरागणिक आणि गावागणिक बदलतात, तशीच ही गाणीही बदलत असत. पाच-पाच अक्षरांच्या ओळींचा साचा मात्र कायम राहत असे.

कथा

पर्यटकाला दोन मिनिटांत सांगितली जाणारी कथा आणि छापील आख्यानातील कथा यांत किती अंतर आहे, हे समजण्यासाठी छापील कथा जरा सविस्तर पाहावी लागेल. १९५४ च्या संहितेनुसार आझेदी नावाच्या ठिकाणी एका कष्टाळू घरात आशिमा जन्मते. ती गुणी आणि कामसू म्हणून वाढते. रेबूबाला या धनाढ्य माणसाला ती आपल्या मुलासाठी हवी असते. तो गोडबोल्या मध्यस्थाला पाठवतो, पण आशिमा ठाम नकार देते. तेव्हा तिला बळजबरीने पळवून नेले जाते. तिचा भाऊ आहेई त्या वेळी दूर मेंढ्या चारत असतो. बातमी कळताच तो घोड्यावरून निघतो.

रेबूबालाच्या दारी पोहोचल्यावर लगेच हाणामारी होत नाही, आणि आख्यानाची खरी गोडी इथेच आहे. आधी गाण्याचा सामना होतो. दाराशी उभा राहून आहेई गातो, आतून रेबूबालाचा मुलगा गातो, आणि हे काही दिवस-रात्र चालते. मग झाडे तोडण्याची आणि तोडलेली झाडे पुन्हा जोडण्याची पैज लागते. मग बी पेरायचे आणि पेरलेले बी एकेक करून परत वेचायचे. आहेईला तीन दाणे कमी पडतात. ते पारव्याने खाल्ल्याचे एक म्हातारा शेतकरी त्याला सांगतो, आणि तो बाण मारून ते परत मिळवतो. रात्री त्याच्या अंगावर वाघ सोडले जातात, तेही तो मारतो. तरीही रेबूबाला शब्द पाळत नाही, तेव्हा आहेई बाण सोडतो. एक दाराला लागतो, एक घराच्या खांबाला आणि एक पूर्वजांच्या पूजेच्या ठिकाणी. घरातली सगळी माणसे जोर लावतात, बैल जुंपून ओढतात, तरी बाण हलत नाही. मग आशिमा पुढे होते आणि फूल खुडावे तसा तो सहज काढून देते.

बहीणभाऊ घरी निघतात. पण रेबूबालाच्या घरचे लोक कड्याच्या देवाची विनवणी करतात आणि वाटेवरच्या बारा कड्यांपाशी पूर येतो. आशिमा त्यात वाहून जाते. कड्यावर राहणारी एक मुलगी तिला वाचवते आणि आशिमा त्या डोंगराचा प्रतिध्वनी होते. आहेई हाक मारतो तेव्हा तीच हाक कड्यावरून परत येते. जेवायला बसताना तो तिला बोलावतो आणि ती उत्तर देते. दगडाची मूर्ती या संहितेत नाही. तिथे उरतो तो आवाज, आणि तोसुद्धा कोणी हाक मारली तरच.

संहिता कशी घडली

१९५३ मध्ये युन्नानच्या प्रांतिक सांस्कृतिक पथकातील एक गट शिलिनच्या पूर्वेकडील गुइशान परिसरात गेला. तेव्हा या काउंटीचे नाव लूनान होते. गटाने गावोगावी फिरून आशिमाची सुमारे वीस रूपे टिपून घेतली. हुआंग त्ये, यांग झियोंग, लिऊ छी आणि कवी गोंग लिऊ यांनी ती एकत्र करून एक सलग चिनी काव्य सिद्ध केले. ते १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि देशभर गाजले. १९५७ मध्ये ग्लॅडिस यांग यांचे इंग्रजी भाषांतर बीजिंगहून निघाले.

वीस रूपांतून एक रूप करणे हे संपादन नसून निवड असते. पुनरुक्ती गेली, विधीशी जोडलेले तपशील कमी झाले, आणि श्रीमंत घराने गरीब घरावर केलेला जुलूम हा धागा ठसठशीत झाला. त्या काळाच्या चीनमध्ये दुसरे काही होणे कठीणच होते. त्याबद्दल त्या संपादकांना दोष देण्याचे मला कारण दिसत नाही, कारण त्यांनी ती रूपे टिपली नसती तर त्यांतील अनेक आज शिल्लक राहिली नसती. तथापि त्या संपादनाबद्दल चीनमध्येच लवकर शंका व्यक्त झाल्या. युन्नान विद्यापीठाचे प्रमुख असलेले लेखक ली ग्वांगत्येन यांनी नव्याने संस्करण केले आणि ते १९६० मध्ये निघाले. पुढे १९८५ मध्ये भाषाशास्त्रज्ञ मा श्वेलियांग आणि सहकाऱ्यांनी थेट यी लिपीतील पोथीवर आधारलेली आवृत्ती मूळ लिपी, उच्चार आणि चिनी अर्थ यांसह प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या काळात शिलिनचे पर्यटन जोर धरू लागले, त्याच काळात पोथीच्या जवळ जाणारी संहिताही हाताशी होती. ती नियोजकांच्या कामी आली नाही, कारण तोपर्यंत बाजी चित्रपटाने मारली होती.

शांघायमध्ये तयार झालेला, लिऊ छ्योंग यांनी दिग्दर्शित केलेला ‘आशिमा’ हा रंगीत संगीतपट १९६४ मध्ये पूर्ण झाला. त्यात दोन निर्णायक बदल झाले. आहेई आणि आशिमा बहीणभाऊ न राहता प्रियकर-प्रेयसी झाले, आणि शेवटी आशिमाचा दगड झाला. नायिकेची भूमिका करणाऱ्या यांग लीकुन स्वतः यी समाजाच्या होत्या. चित्रपटावर टीकेची झोड उठली, सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत तो दडपला गेला, आणि यांग लीकुन यांचा अमानुष छळ झाला. चित्रपट प्रत्यक्ष पडद्यावर आला तो १९७९ मध्ये. त्या वर्षी मोकळ्या वाऱ्यासाठी आसुसलेल्या प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला.

या तारखेला महत्त्व आहे. १९८० च्या दशकात चीनमध्ये देशांतर्गत पर्यटन सुरू झाले, तेव्हा शिलिनला येणारा पर्यटक आशिमाला आधीच ओळखत होता. त्याला कथा सांगावी लागत नव्हती, जागा तेवढी दाखवायची होती. शिलिन हे १९८२ मध्ये चीनच्या पहिल्या राष्ट्रीय निसर्गस्थळांच्या यादीत आले होते. जाहिरातीवर पैसा न ओतता जी ओळख कोणत्याही स्थळाला मिळत नाही, ती शिलिनला आयती मिळाली.

दगडाला नाव मिळाल्यावर

सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीतून पाण्याने कोरलेले हे सुळके मुळातच पाहण्यासारखे आहेत. पण भूगर्भशास्त्र बसमधून उतरलेल्या गटाला फार काळ धरून ठेवत नाही. कुनमिंगहून सकाळी निघून संध्याकाळी परतणारा गट, दोन-तीन तासांची फेरी आणि हातात झेंडी घेतलेला मार्गदर्शक, अशी या सहलीची रीत अनेक वर्षे राहिली. अशा फेरीला थांबे लागतात, आणि थांब्यांना नावे लागतात. डोंगरदगडांत आकार शोधून त्यांना नाव देण्याची चीनमध्ये जुनी हौस आहे. अनेक सुळक्यांना प्राण्यांची, पक्ष्यांची आणि वस्तूंची नावे मिळाली. त्यांत आशिमाचा सुळका वेगळा ठरला, कारण त्याच्या मागे गोष्ट होती.

आज त्या सुळक्यापाशी काय चालते ते पाहण्याजोगे आहे. लाल, पांढरे आणि काळे भरतकाम केलेले सानी पोशाख भाड्याने मिळतात. शिरोभूषणाच्या इंद्रधनुषी पट्ट्यांवर बसवलेले दोन त्रिकोणी तुकडे पर्यटक मुलीच्या कानांवर नीट बसवून दिले जातात. मार्गदर्शक गमतीने बजावतो, की सानी मुलीच्या त्या त्रिकोणाला परक्या पुरुषाने हात लावला, तर त्याला तिच्या घरी तीन वर्षे राबावे लागते. हशा पिकतो, छायाचित्र निघते, गट पुढे सरकतो. तरुण स्त्रियांना ‘आशिमा’ आणि पुरुषांना ‘आहेई’ म्हणून हाक मारण्याची पद्धत पडली आहे. मार्गदर्शक मुली आशिमा, विक्रेत्या आशिमा आणि पर्यटक मुलीही आशिमा. एका व्यक्तीचे नाव असे सर्वांना वाटून टाकल्यावर कथेतल्या मुलीचा नकार, म्हणजे कथेचा कणाच, कोणाच्या ध्यानात राहत नाही. या एका गोष्टीची मला खरी खंत वाटते. बळजबरीच्या लग्नाला नाही म्हणणाऱ्या मुलीचे नाव हसतमुख स्वागताचे संबोधन होऊन बसले आहे.

नाव शिलिनपुरते राहिले नाही. युन्नानमध्ये ‘आशिमा’ नावाची सिगारेट निघाली आणि तिच्या पाकिटावर सानी मुलीचे चित्र होते. काउंटीचेही नाव बदलले. १९५६ मध्ये स्थापन झालेली लूनान यी स्वायत्त काउंटी १९९८ मध्ये शिलिन यी स्वायत्त काउंटी झाली. ज्या परिसरात लोक आपल्या गावांच्या आणि डोंगरांच्या नावांनी राहत होते, त्या परिसराला प्रेक्षणीय स्थळाचे नाव मिळाले. व्यवहाराच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. नकाशावर शोधणाऱ्याला शिलिन सापडते, लूनान सापडत नव्हते.

पैसा

पर्यटनाचा पहिला लाभ सानी स्त्रियांनी स्वतःच्या हिमतीवर मिळवला, कोणत्याही आराखड्यामुळे नव्हे. १९८० च्या दशकात सानी बायका भरतकामाच्या पिशव्या, पट्टे आणि गळ्यात अडकवायच्या थैल्या घेऊन शिलिनमध्ये तर बसतच, पण कुनमिंगच्या हॉटेलांबाहेरही उभ्या राहत. त्या काळी परदेशी प्रवाशांना वेगळी विनिमय प्रमाणपत्रे वापरावी लागत. ती बदलून देण्याचा धंदाही या बायकांनी जमवला होता. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट स्वेन यांनी या स्त्रियांच्या व्यवहाराचा अभ्यास केला. पर्यटनामुळे सानी स्त्रियांच्या हातात स्वतःचा पैसा आला आणि आपण सानी आहोत हे ठासून सांगण्यात त्यांना फायदा दिसू लागला, ही त्या काळातील दुर्लक्ष करता न येणारी बाब आहे. ज्यांना वरवरची, बाजारू संस्कृती म्हणून हिणवले जाते, त्या थैल्यांवर अनेक घरे चालली.

पुढे स्थळाचे व्यवस्थापन घट्ट होत गेले. प्रवेशद्वार, कुंपण, तिकीट, विद्युत गाड्या, ठरावीक दुकाने आणि ठरावीक विक्रेते अशी व्यवस्था आली. स्थळाच्या गाभ्यालगतचे वूकेशू हे सानी गाव तिथून हलवून नव्या जागी वसवण्यात आले. वारसास्थळाच्या सीमेत दुकाने, खानावळी आणि वाढती घरे नकोत, या युक्तिवादात तथ्य होते. परंतु दाराशी गिऱ्हाईक असलेले गाव दारापासून दूर गेले म्हणजे त्याचे उत्पन्न कसे बदलते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. २०१८ मध्ये चीन सरकारने सरकारी प्रेक्षणीय स्थळांचे दर उतरवण्याची मोहीम घेतली, तेव्हा शिलिनचे तिकीट १७५ युआनवरून १३० युआनवर आले. इतक्या महागड्या तिकिटाच्या जोरावर चाललेल्या स्थळात मुख्य मिळकत फाटकावर होते, आणि फाटक कोणाच्या ताब्यात आहे यावरून वाटणी ठरते.

इथे एक प्रशासकीय गुंता आहे, जो बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. शिलिन २००७ मध्ये ‘दक्षिण चीन कार्स्ट’ (कार्स्ट म्हणजे पाण्याने झिजून घडलेली चुनखडीची भूरूपे) या नावाखाली लिबो आणि वूलोंग यांच्यासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ते नैसर्गिक स्थळ म्हणून, म्हणजे सौंदर्य आणि भूरूपे या निकषांवर. सानी संस्कृती त्या निकषांत मोडत नाही. आशिमा हे आख्यान त्याआधी, २००६ मध्ये, चीनच्या अमूर्त वारशाच्या पहिल्या राष्ट्रीय यादीत गेले. सानी भरतकाम २००८ च्या दुसऱ्या यादीत आले. परिणामी दगडाचे रक्षण एका यंत्रणेकडे, गाण्याचे दुसऱ्या यंत्रणेकडे, आणि तिकिटाचा पैसा मुख्यतः दगडाच्या बाजूला. पर्यटकाला मात्र दोन्ही एकाच तिकिटावर दाखवले जाते. सुळक्याला ‘आशिमा’ हे नाव असल्यामुळे जी भर उत्पन्नात पडते, तिचा काही भाग आख्यान गाणाऱ्यांकडे जावा अशी सोय या रचनेत मुळातच नाही. कोणाच्या वाईट हेतूची त्यासाठी गरज पडलेली नाही.

दगडाला गायक लागत नाही

प्रतिध्वनी व्हायचा तर कोणीतरी हाक मारावी लागते. आशिमाचे आख्यान टिकायचे तर कोणीतरी ते गावे लागते, कोणीतरी ऐकावे लागते आणि गाण्याचे निमित्त यावे लागते. दगडाला यांतील काहीच लागत नाही. तो रात्रंदिवस उभा असतो, पगार मागत नाही, आजारी पडत नाही आणि एकाच ठरलेल्या कथेत बसतो. पर्यटनाने चित्रपटाचा शेवट स्वीकारला, तो भावनेच्या भरात नव्हे. व्यवस्थापनाच्या दृष्टीने तो शेवट सोयीचा होता.

नुकसान झाले ते निमित्तांचे. सानी लग्नांतील जुनी गाणी गाऊ शकणारी माणसे म्हातारी होत गेली. तरुण पिढीचे शिक्षण चिनी भाषेत झाले. बिमोंची पोथी वाचणारे थोडे उरले. याला पर्यटन एकटे जबाबदार नाही. १९५० आणि १९६० च्या दशकांतील मोहिमांत विधी बंद पडले होते, आणि शाळा व शहर यांची ओढ तर जगात सगळीकडेच आहे. पण पर्यटनाकडे पैसा, प्रेक्षक आणि रंगमंच होता, आणि तो सारा अशा सादरीकरणांवर खर्च झाला, ज्यांत तीनतारी मोठ्या वाद्याचा जल्लोषी नाच येतो आणि आख्यान येत नाही. तो नाच सानी परंपरेचाच आहे, अस्सल आहे, आणि पाहताना अंगात संचारतो. फक्त तो लांबलचक गोष्ट सांगू शकत नाही.

उलट बाजूही मांडली पाहिजे. आजच्या सानी तरुणाला आशिमा आणि आहेई हे प्रेमी वाटत असतील, तर त्याला ‘तुझी कथा खोटी’ असे सांगण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. मौखिक कथा बदलतच असतात आणि चित्रपट हेही एक सांगणेच आहे. माझा आक्षेप एका रूपाने बाकीच्या एकोणीस रूपांची जागा बळकावण्याला आहे, नव्या रूपाला नाही. एकाच रूपाचा सुळका, तेच रूप पुस्तिकेत, तेच रंगमंचावर आणि तेच शाळेच्या सहलीत आले, की बहिणीला सोडवायला निघालेला भाऊ हा दुसरा आहेई कुठे भेटणार?

सगळेच विकले गेले आहे असेही नाही. सानी गावांत मिझी नावाचा विधी अकराव्या चांद्रमासात होतो. गावाजवळच्या राखीव देवराईत फक्त पुरुष जातात आणि स्त्रिया घरी थांबतात. वर्षातला मोठा देखावा म्हणजे सहाव्या चांद्रमासाच्या चोविसाव्या दिवसाचा मशाल उत्सव. त्यात कुस्त्या, बैलांच्या झुंजी आणि रात्रीच्या मशाली असतात आणि तो पर्यटकांसाठी खुला आहे. मिझी त्या मानाने गावाचाच राहिला. कोणता विधी दाखवायचा आणि कोणता राखायचा, हे जिथे गावाने ठरवले तिथे दोन्ही बरे चालले आहे. स्त्रियांना वगळणाऱ्या प्रथेवर टीका होऊ शकते, पण ती टीका गावातल्या स्त्रियांनी करावी, पर्यटन खात्याने नव्हे.

इतरत्र

शिलिनच्या तुलनेत युन्नानमधील इतर यी प्रकल्प थोडक्यात पाहता येतील. चुशिओंगमध्ये ‘यी लोकांचे प्राचीन नगर’ या नावाची वसाहत विकासकाने नव्याने बांधली. नाव प्राचीन, बांधकाम एकविसाव्या शतकातले. त्याच शहरात छत्तीस दिवसांचा एक असे दहा महिने आणि उरलेले पाच-सहा सणाचे दिवस अशी गणना करणाऱ्या यी सौर पंचांगावर आधारलेले उद्यान आहे. कल्पना चांगली, पण पंचांग दगडात कोरून ठेवले की ते कोणाच्या शेतीचे दिवस मोजत नाही. मिले भागातील होंगवान गावात आशी शाखेचे लोक दुसऱ्या चांद्रमासाच्या तिसऱ्या दिवशी लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी पेटवतात, अंगे रंगवतात आणि अग्नी देणाऱ्या मूदेंगची आठवण जागवतात. तिथे पर्यटक येतात, पण तारीख आणि क्रम गावाचा असतो, आणि पाहुण्याने त्या दिवशीच यायचे असते. रोज तीन खेळ करण्याची मागणी कधी ना कधी येईलच. गाव तिला काय उत्तर देते, यावर त्या अग्नीचे भवितव्य अवलंबून आहे.

काय करता येईल

शिलिनमध्ये सुळका हटवायचा किंवा त्याचे नाव बदलायचे, असे कोणी सुचवणार नाही, आणि सुचवूही नये. करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. सुळक्यापाशी जी माहिती दिली जाते तीत प्रतिध्वनीचा शेवट आणि दगडाचा शेवट असे दोन्ही शेवट द्यावेत, आणि कोणता कुठून आला तेही सांगावे. पर्यटकाला अनेक रूपे झेपत नाहीत, हा समज बिनबुडाचा आहे. दोन शेवट असलेली गोष्ट माणूस घरी जाऊन अधिक सांगतो. फेरीच्या मार्गावर हाक परत येईल अशी एखादी जागा निवडून तिथे सानी भाषेतील चार ओळी गाऊन दाखवण्याचे काम गावातल्या जाणत्या बाईला किंवा बाप्याला मानधनावर द्यावे. मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणात बियाण्याच्या तीन दाण्यांचा प्रसंग आणि उपटता न येणाऱ्या बाणाचा प्रसंग यावा. तीन वर्षे राबण्याच्या विनोदापेक्षा ते दोन्ही रंजक आहेत आणि वेळही तेवढाच घेतात.

दुसरे म्हणजे गर्दीचा काही भाग गुइशानकडे वळवणे. ज्या डोंगरी गावांतून ही रूपे टिपली गेली, ती शिलिनच्या फाटकापासून फार लांब नाहीत. नुओहेई हे सपाट चुनखडी दगडांनी बांधलेल्या घरांचे सानी गाव अभ्यासकांना परिचित आहे. युन्नान विद्यापीठाने तिथे क्षेत्र-अभ्यासाचे केंद्रही चालवले आहे. २०१६ च्या अखेरीस कुनमिंगहून वेगवान रेल्वे सुरू झाली आणि शिलिनला स्थानक मिळाले, त्यामुळे प्रवासाचा वेळ वाचला. वाचलेला वेळ पर्यटक कुनमिंगला लवकर परतण्यात घालवतो की एखाद्या गावात मुक्कामाला राहतो, हे गावात राहण्याची आणि ऐकण्याची काय सोय आहे यावर ठरेल. पण अशा गावात रोजचे ठरावीक खेळ सुरू केले तर शिलिनचीच छोटी आवृत्ती तयार होईल. लग्नसराई, मशाल उत्सव आणि बाजाराचा दिवस अशा गावाच्या स्वतःच्या निमित्तांना पाहुणे जोडून घेणे हा अवघड, कमी उत्पन्नाचा, पण टिकाऊ मार्ग आहे.

तिसरी गोष्ट वाटणीची, आणि तिच्याविना पहिल्या दोन कागदावरच राहतील. आशिमाचे नाव फाटकाच्या आतील व्यवसायात वापरले जाते तेव्हा प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम वेगळी काढून ती आख्यान शिकवणाऱ्यांच्या मानधनाला, यी लिपीतील पोथ्यांच्या प्रती करण्याच्या कामाला आणि शिकाऊ गायकांच्या शिष्यवृत्तीला देता येईल. ती रक्कम कोणाला द्यायची, हे ठरवणाऱ्या समितीत बिमो, गायिका आणि वूकेशूसारख्या विस्थापित गावांचे प्रतिनिधी बहुमतात असावेत. यासाठी नव्या कायद्याची फारशी गरज नाही. स्थळाचे व्यवस्थापन आणि सांस्कृतिक विभाग या दोन यंत्रणांनी एकत्र बसून एक करार करायचा आहे, आणि त्या कराराची पहिली अट अशी असावी की रकमेचा वार्षिक हिशेब चिनीबरोबरच सानी भाषेतही गावसभेत वाचून दाखवला जाईल.